मेकॅनोचं पुस्तक बाजूला ठेवणाऱ्या होमी भाभांनी तारापूरला तयार अणुभट्टी का आणली?

मॉडेल रॉकेटचं किट आता ऑनलाइन घरपोच येतं. डबा उघडला की आत पुठ्ठ्याची नळी, टोकाला बसवायचं शंकूच्या आकाराचं नाक, हलक्या लाकडाचे किंवा प्लास्टिकचे तीन-चार पंख, एक छोटं पॅराशूट आणि दोरी असते. सोबत एक पुस्तिका मिळते. पंख कुठे चिकटवायचे, गोंद किती वेळ वाळू द्यायचा, पॅराशूटची घडी कशी घालायची, सगळं तिच्यात चित्रांसकट दिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र बऱ्याच किटमध्ये नसते, ती म्हणजे मोटर. रॉकेटला वर ढकलणारी ही दारूची कांडी वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती एकदाच चालते. 'ए' मोटरपेक्षा 'बी' मोटरचा एकूण जोर दुप्पट, 'बी'पेक्षा 'सी'चा दुप्पट. रॉकेट तुम्ही कितीही सुबक जोडा, मोटर देणाऱ्याने हात आखडता घेतला तर ते कपाटावर ठेवायची शोभेची वस्तू होऊन बसतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पालघरच्या किनाऱ्यावर हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं होतं.

सफाळे स्टेशनला उतरून पश्चिमेला गेलं की एडवण लागतं. आशापुरी देवीचं मंदिर, वाड्या आणि समोर समुद्र. इथून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की केळवे, माहीम, शिरगाव, पापलेटसाठी प्रसिद्ध असलेलं सातपाटी, मग मुरबे, नवापूर आणि पुढे तारापूर. सरळ रेषेत मोजलं तर एडवणपासून साधारण तीस किलोमीटरवर भारताचं पहिलं अणुऊर्जा केंद्र उभं आहे. ते इथे आणणारा माणूस म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा. आणि या माणसाची सुरुवातही एका किटपासूनच झाली होती.

पुस्तिकेबाहेरचं मॉडेल

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी घरात होमींचा जन्म झाला. वडील जहांगीर हे वकील. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. आत्या मेहरबाई यांचं लग्न दोराबजी टाटांशी झालेलं, त्यामुळे टाटांच्या घरात येणं-जाणं रोजचंच. पोलाद, वीज, कारखाने हे शब्द या मुलाच्या कानावर जेवणाच्या टेबलावरच पडत होते.

त्या काळात श्रीमंत घरांतल्या मुलांचं आवडतं खेळणं होतं मेकॅनो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाकं, नट आणि बोल्ट यांतून क्रेन, पूल, गाड्या जोडायच्या. कुठल्या भोकात कुठला बोल्ट बसवायचा ते पुस्तिकेत दाखवलेलं असायचं.

होमींच्या चरित्रांमध्ये या खेळाचा उल्लेख येतो. त्यांना मेकॅनोचं वेड होतं, पण पुस्तिकेत दिलेली मॉडेलं करण्यात फारसा रस नव्हता. त्याच पट्ट्या घेऊन ते स्वतःच्या डोक्यातली यंत्रं जोडायचे. घरी पुस्तकांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्सचा मोठा साठा होता. सोळाव्या वर्षापर्यंत त्यांनी आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत वाचून काढला होता. चित्रं तर ते आयुष्यभर काढत राहिले.

घरच्यांनी ठरवलेलं करिअर

पुस्तिका फक्त खेळण्यांना नसते, मुलांच्या आयुष्यालाही असते. वडिलांनी आणि दोराबजींनी होमींचा मार्ग आखून ठेवला होता. केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनियर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं.

१९२७ मध्ये होमी केंब्रिजला पोहोचले. तेव्हा भौतिकशास्त्रात उलथापालथ चालू होती. क्वांटम सिद्धांत नुकताच आकार घेत होता आणि पॉल डिरॅक तिथेच काम करत होते. वर्षभरात होमींनी वडिलांना पत्र लिहून कळवलं की आपला जीव इंजिनियरिंगमध्ये रमत नाही, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचं आहे.

वडिलांनी एकदम नकार दिला नाही आणि एकदम होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली. आधी इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च करतो. १९३० मध्ये होमी इंजिनियरिंगमध्ये पहिल्या वर्गात आले आणि १९३२ मध्ये गणितातही पहिल्या वर्गात. इंजिनियरिंगची ती वर्षं वाया गेली असं तेव्हा वाटलं असेल, पण पुढे अणुभट्टीचे आराखडे समोर आले तेव्हा हेच शिक्षण कामी आलं.

१९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं त्यांनी मांडलेलं गणित आजही 'भाभा स्कॅटरिंग' म्हणून जगभर शिकवलं जातं. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी अवकाशातून येणाऱ्या किरणांचा वातावरणात कणांचा पाऊस कसा पडतो हे उलगडलं.

सुट्टीवर आले आणि राहिले

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परतीचा रस्ता बंद झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन होते. भाभा तिथे रुजू झाले. १९४१ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. याच संस्थेत त्यांची गाठ विक्रम साराभाईंशी पडली. एकाच्या नावापुढे पुढे अणू लागला, दुसऱ्याच्या नावापुढे अवकाश.

युद्ध संपल्यावर परदेशात जायचे दरवाजे उघडेच होते. पण भाभांचा विचार बदलला होता. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी एक संस्था काढण्याचा प्रस्ताव दिला. त्यांचं म्हणणं असं होतं की काही वर्षांनी अणुऊर्जेपासून वीज बनवायची वेळ येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणायला लागू नयेत, ते घरातच तयार असावेत.

तारीख नीट बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून जवळपास दीड वर्ष होतं. देश स्वतंत्र व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ बाकी होता.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर सुरू झाली. आधी बंगळुरू आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत पेडर रोडवरचा 'केनिलवर्थ' बंगला. कुलाब्याची समुद्राकाठची देखणी इमारत मिळायला १९६२ उजाडलं.

अप्सरा: भट्टी आपली, इंधन परक्याचं

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा संस्था सुरू झाली. आज आपण तिला भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो.

१९५५ मध्ये ठरलं की पहिली अणुभट्टी आपणच बांधायची. भट्टी साधी होती. पाण्याच्या खोल टाकीत युरेनियमच्या इंधनाचा गाभा सोडायचा. पाणी गाभा थंडही ठेवतं आणि किरणोत्साराला अडवतंही. आराखडा, बांधकाम आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा भारतीय इंजिनियरांनी केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी, म्हणजे साधारण वर्षभरात ती सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ही पहिली अणुभट्टी. नेहरूंनी तिचं नाव ठेवलं अप्सरा.

पण अप्सरेचं इंधन ब्रिटनमधून आलं होतं. नळी आपली, पंख आपले, जोडणी आपली, मोटर मात्र बाहेरची. भाभांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी तीन टप्प्यांची योजना मांडली. पहिल्या टप्प्यात भारतातल्या खाणीतलं साधं युरेनियम वापरायचं. त्यातून मिळणारं प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यातल्या भट्ट्यांत वापरायचं. शेवटच्या टप्प्यात थोरियमवर यायचं, कारण केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियमचा मोठा साठा आहे. थोडक्यात, मोटरसाठी कुणाच्या दारात उभं राहायची वेळच येऊ नये.

थुंब्याच्या चर्चमधलं रॉकेट

दरम्यान अमेरिकेत खरोखरच्या मॉडेल रॉकेटचा जन्म होत होता. नेब्रास्का राज्यात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये पुठ्ठ्याचं, पॅराशूटने परत येणारं आणि मोटर बदलता येणारं छोटं रॉकेट बनवलं. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचं खूळ लागलं. घरच्या घरी दारू ठासून अपघात होत होते. कारखान्यात बनलेली मोटर आणि तयार किट आल्यावर हा छंद बऱ्यापैकी सुरक्षित झाला.

भारतात तेव्हा ना किट होतं, ना रॉकेट. १९६२ मध्ये भाभांच्या अणुऊर्जा विभागाखालीच अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. केरळातलं थुंबा हे मच्छीमारांचं गाव निवडलं, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जातं आणि वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला ती जागा सोयीची होती. गावातलं सेंट मेरी मॅग्डालीन चर्च हेच ऑफिस आणि वर्कशॉप झालं.

पहिलं रॉकेट होतं अमेरिकेने दिलेलं 'नायके-अपाचे'. त्यातलं उपकरण फ्रान्सचं. सुटे भाग चर्चमध्ये जोडले गेले. जोडणी आणि सुरक्षेची जबाबदारी एका तरुण इंजिनियरवर होती, ए. पी. जे. अब्दुल कलाम. रॉकेट चर्चमधून प्रक्षेपण मंचाकडे नेताना क्रेनची हायड्रॉलिक यंत्रणा गळू लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळून अंगमेहनतीने ते जागेवर बसवलं. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी रॉकेट उडालं आणि आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी पट्टा उमटला.

सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचा शंकू नेतानाचा जो फोटो आपण सारखा शेअर करतो, तो या पहिल्या रॉकेटचा नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तो १९६६ मध्ये थुंब्याला काढला.

पहिलं रॉकेट परक्याचं होतं म्हणून कुणी लाजलं नाही. जोडताना काय शिकायला मिळतं याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. पुढे फ्रान्सच्या परवान्याने 'सँटोर' रॉकेटं इथे बनवायची तयारी झाली. आणि २० नोव्हेंबर १९६७ रोजी रोहिणी आरएच-७५ हे भारतीय रॉकेट उडालं. त्याचा व्यास होता फक्त ७५ मिलिमीटर, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. दिसायला मॉडेल रॉकेटचाच थोरला भाऊ, पण मोटर आपली.

मग तारापूरला तयार भट्टी कशाला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या माणसाने लहानपणी मेकॅनोची पुस्तिका पाळली नाही, ज्याने अप्सरा वर्षभरात घरीच बांधून दाखवली, त्याने तारापूरला अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून अख्खा प्रकल्प तयार का घेतला?

कारण संशोधनाची भट्टी आणि विजेची भट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अप्सरेला विजेचा एकही दिवा लावायचा नव्हता. तारापूरला २१० मेगावॉटच्या दोन भट्ट्या हव्या होत्या. दिल्लीत आणि बाहेर अनेकांना शंका होती की गरीब देशाला अणुवीज परवडणारच नाही. भाभांना ती परवडते हे आकड्यांनी दाखवायचं होतं, आणि तेही लवकर. स्वतः शिकत शिकत एवढी मोठी भट्टी बांधायला बरीच वर्षं गेली असती.

जागेलाही कारण होतं. मुंबई आणि गुजरातच्या कारखान्यांना वीज हवी होती, पण कोळशाच्या खाणी शेकडो मैल दूर पूर्वेकडे. तारापूर मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटर, गुजरातलाही जवळ, आणि भट्टीची वाफ थंड करायला समोर अख्खा अरबी समुद्र.

१९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि १९६४ मध्ये कंपनीशी. अमेरिकेने कर्जही दिलं आणि तीस वर्षं इंधन पुरवण्याचं कबूल केलं. अडचण त्या इंधनातच होती. तारापूरच्या भट्टीत पाणी थेट गाभ्यात उकळतं आणि त्याच वाफेवर टर्बाइन फिरतं. या पद्धतीला साधं युरेनियम चालत नाही, समृद्ध केलेलं लागतं. ते भारताकडे नव्हतं.

भाभांनी सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवली नव्हती. तारापूरबरोबरच राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने साध्या युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीचं काम त्यांनी हाती घेतलं. तिचे आराखडे भारताला मिळणार होते आणि तिथे शिकून पुढच्या भट्ट्या इथेच बांधायच्या होत्या. तारापूर वेळ वाचवण्यासाठी होतं, राजस्थान शिकण्यासाठी. मद्रासजवळ कल्पाक्कमला १९८४ मध्ये सुरू झालेली भट्टी याच वाटेने भारतीयांनी बांधली.

मॉन्ट ब्लाँ

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याआधी आल्प्समधल्या मॉन्ट ब्लाँवर आदळलं. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. लालबहादूर शास्त्रींच्या निधनाला जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि इंदिरा गांधींनी त्याच दिवशी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती.

हा घातपात होता, यामागे अमेरिकेची गुप्तहेर संघटना होती, असे मेसेज दरवर्षी फिरतात. त्याला ठोस पुरावा आजवर समोर आलेला नाही. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा होता की विमानाचं एक दिशादर्शक उपकरण बंद होतं, रडार नियंत्रकाच्या सूचनेचा वैमानिकाने वेगळा अर्थ घेतला आणि शिखर ओलांडलं आहे असं समजून विमान खाली आणलं. अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी, १९५० मध्ये, एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' विमान याच डोंगरावर कोसळलं होतं.

तारापूरचं बांधकाम तेव्हा सुरू होतं. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी केंद्राची वीज अधिकृतपणे वाहू लागली. भाभांच्या साठाव्या वाढदिवसाला दोन दिवस बाकी होते.

मोटर देणाऱ्याने हात आखडला

१९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली. अमेरिकेची भूमिका कडक होत गेली, १९७८ मध्ये तिथे नवा कायदा आला आणि तारापूरच्या इंधनावरून वर्षानुवर्षं ओढाताण चालली. करार तीस वर्षांचा होता, पण शेवटी १९८२ मध्ये इंधन फ्रान्सकडून घ्यायची तडजोड करावी लागली. पुढे चीन आणि रशियाकडूनही ते आणावं लागलं. भट्ट्यांची क्षमताही २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली. मधल्या काळात तुर्भे आणि तारापूरच्या शास्त्रज्ञांनी वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम मिसळून पर्यायी इंधन तयार केलं आणि ते याच भट्टीत वापरूनही पाहिलं.

म्हणजे भाभांचा निर्णय चुकला का? वेळेच्या हिशेबात तो बरोबर ठरला. भारताला अणुवीज १९६९ मध्येच मिळाली आणि ती चालवणाऱ्या इंजिनियरांची पिढी तारापूरला तयार झाली. स्वावलंबनाच्या हिशेबात मात्र त्याची किंमत मोजावी लागली. ती किंमत किती असू शकते याचा अंदाज भाभांना होता, हे त्यांनी शेजारीच दुसरी वाट आखून ठेवली यावरून दिसतं.

त्या दुसऱ्या वाटेचं फळही तारापूरलाच उभं आहे. २००५ आणि २००६ मध्ये तिथे ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या. आराखडा भारतीय, बांधणी भारतीय आणि इंधन साधं युरेनियम. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना मात्र आपली घरं आणि किनारा सोडून पुनर्वसनात जावं लागलं. देशाच्या विजेचा हिशेब मांडताना या गावांची बाजूही त्यात धरावी लागते.

आज पालघर-बोईसरच्या एखाद्या घरात कुणी मूल मॉडेल रॉकेटचं किट उघडून बसलं, तर पहिल्यांदा पुस्तिका पाळायला हरकत नाही. थुंब्यातही पहिलं रॉकेट तसंच जोडलं होतं. पण दुसऱ्या रॉकेटच्या वेळी पंखांचा आकार आपण ठरवायचा, नळीची लांबी बदलून बघायची आणि ते कुठे झुकतं, का झुकतं, याची वहीत नोंद करायची. मोटर मात्र घरी बनवायचा उद्योग करायचा नाही, उडवताना मोठं माणूस सोबत हवं आणि जागेसाठी लागणारी परवानगी आधी विचारून घ्यायची.